रविवारचा घेर

माझा शेवटचा फ्रॉक लिंबाच्या रंगाचा होता. कमरेखाली तीन झालरी, पाठीमागे बांधायचा रुंद बो आणि आत कडक जाळीचे अस्तर असल्यामुळे गिरकी घेतली की त्याचा घेर छत्रीसारखा उघडत असे. माझ्या बाराव्या वाढदिवसाला आईने तो घरच्या मशीनवर शिवला होता. पुढच्या वर्षी मी तसाच दुसरा मागितला तेव्हा आई काही बोलली नाही, आजी म्हणाली, “आता मोठी झालीस.” त्या वाढदिवसाला पंजाबी ड्रेस आला आणि त्याच्याबरोबर ओढणी खांद्यावर पक्की करायला दोन सेफ्टी पिना आल्या. फ्रॉक धुऊन, इस्त्री करून मामेबहिणीकडे गेला. माझ्या कपड्यांच्या आयुष्यात एक तारीख येऊन गेली होती आणि ती कोणी ठरवली, हे विचारण्याइतकी मी खरोखरच मोठी झालेली नव्हते.

“खाणे आपल्या रुचीचे, लेणे जनांच्या रुचीचे,” असे आजी नेहमी म्हणायची. त्या वाक्यात तिला जाच दिसत नसे, कारण त्याहून मोठा जाच तिने पाहिला होता. तिच्या आईला ऐन तरुणपणी वैधव्य आले आणि त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत ती जाड्याभरड्या तांबड्या आलवणात राहिली. आजीच्या लेखी वस्त्र म्हणजे माणसाचा पत्ता होता. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, हातातल्या बांगड्या, लुगड्याचा रंग, एवढ्यावरून समोरची बाई सवाष्ण आहे की विधवा, लग्नाची आहे की लग्न झालेली, सुखवस्तू घरातली आहे की ओढग्रस्त, हे तोंडाने न विचारता कळावे, अशी ती सगळी व्यवस्था होती. वस्त्र लोकांनी वाचायचे असल्यामुळे ते लोकांना येणाऱ्या लिपीतच असले पाहिजे, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ होता आणि तो तिच्या काळापुरता अगदी बरोबर होता.

हे सारे मला २०१३ च्या डिसेंबरात, टोकियोतल्या हाराजुकु स्थानकाबाहेर उभी असताना आठवले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. त्याच वाटेने भाषेच्या परीक्षा देत देत मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दुभाषी झाले आणि टोकियोच्या निशि-कासाई भागात राहू लागले. तिथे भारतीय कुटुंबांची वस्ती इतकी आहे की संध्याकाळी स्थानकातून घराकडे चालताना कानावर मराठी पडते. आमच्या कार्यालयात हिशेब पाहणारी एक सहकारी होती. वय चौतीसच्या आसपास, केस घट्ट मागे बांधलेले, अंगात काळा किंवा गडद निळा सूट आणि आत पांढरा शर्ट. मी येऊन वर्ष होत आले तरी तिच्या अंगावर मी चौथा रंग पाहिला नव्हता. दिवाळीत मी कार्यालयात नारायणपेठ नेसून गेले, तेव्हा तीच माझ्या टेबलापाशी आली, एकही शिवण नसलेले हे वस्त्र अंगावर कसे टिकते ते तिने मला विचारले आणि माझ्या निऱ्या बोटाने हवेतल्या हवेत मोजल्या. महिन्याभराने ती म्हणाली, “तुम्ही तुमचे कपडे दाखवलेत. आता रविवारी माझे पाहायला या.”

स्थानकातून ती बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखले नाही. कोकमाच्या सरबताच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, घंटेसारखा फुललेला बिनबाह्यांचा झगा. त्याच्या आत साईच्या रंगाचा उंच गळ्याचा ब्लाउज, छातीवर दोऱ्याइतके बारीक उभे टक. गुडघ्यापर्यंत चढवलेले लेसचे मोजे, पट्ट्याचे गोल टोकाचे बूट, हनुवटीखाली बांधलेले बॉनेट आणि हातात मिटलेली छत्री. झग्याच्या काठाशी चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचे छापील चित्र सबंध घेरभर फिरत गेले होते. ती माझ्याशी बोलू लागली तरी माझी नजर आजीने शिकवलेल्या वाटेने तिच्या अंगभर खुणा शोधत राहिली आणि एकही सापडेना. ही कोणाची कोण, लग्न झालेली की न झालेली, कोणत्या हुद्द्याची, किती वयाची, यातले काहीही तो झगा मला सांगत नव्हता. आणि मग तिने मला घेर दाखवण्यासाठी तिथेच, स्थानकाच्या दारात, एक गिरकी घेतली.

जपानमध्ये या वेशाला लोलिता म्हणतात, आणि या नावाबद्दल आधी बोलले पाहिजे, कारण ते ऐकताच बाहेरच्या माणसाच्या मनात भलतेच काही येते. अल्पवयीन मुलीच्या मागे लागलेल्या एका प्रौढ पुरुषाबद्दलच्या विसाव्या शतकातल्या कादंबरीने हे नाव जगभर डागाळून ठेवले आहे. हाराजुकुतल्या मुलींनी ते घेतले ते कानाला गोड, परदेशी आणि नाजूक वाटले म्हणून, असे सांगतात. पुरुषाच्या नजरेला आमंत्रण देणे या वेशात कुठेच बसत नाही. गळा झाकलेला, खांदे झाकलेले, गुडघ्यापर्यंत कापड, शरीराचा आकार घेराखाली पूर्णपणे नाहीसा. माझी मैत्रीण म्हणाली होती की आगगाडीत सूट घालून उभी असताना तिला जी नजर सोसावी लागते, ती या झग्यात लागत नाही; लोक पाहतात, पण झग्याकडे पाहतात. तरीही त्या नावाचा जाच संपत नाही, आणि मला वाटते की ज्यांना हा वेश समजून घ्यायचा आहे त्यांनी नावापाशी न अडखळता शिवणीकडे पाहावे.

हाराजुकुच का, याला इतिहास आहे. हा मुळात मेइजी मंदिराच्या दारातला भाग. १९२० मध्ये ते मंदिर उभे राहिले आणि १९२४ मध्ये एखाद्या इंग्रजी खेड्यातल्या घरासारखे दिसणारे लाकडी स्थानक बांधले गेले, ज्याची जागा २०२० मध्ये नव्या इमारतीने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या योयोगीत अमेरिकी लष्करातल्या लोकांची कुटुंबे राहायला आली, त्यांच्यासाठी परदेशी वस्तूंची दुकाने आली, आणि १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच जागेवर खेळाडूंची वस्ती झाली. परक्या माणसांकडे, परक्या कपड्यांकडे पाहायची या रस्त्यांना अशी सवय लागली. १९७७ पासून रविवारी तिथले मुख्य रस्ते वाहनांना बंद ठेवू लागले. या व्यवस्थेला जपानीत ‘पादचाऱ्यांचा स्वर्ग’ असा शब्द आहे. १९८० च्या सुमारास त्या मोकळ्या डांबरावर झगझगीत रंगांचे, ढगळ, पायघोळ कपडे घातलेली शाळकरी मुले टेपरेकॉर्डर ठेवून गोल करून नाचत. हे कपडे मिळत त्या दुकानाचे नाव ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचा कोंब, आणि त्यावरून लोक त्या मुलांना ताकेनोको टोळी म्हणत. आवाज, कचरा आणि वाहतूक यांवरून तक्रारी वाढत गेल्या आणि १९९८ मध्ये तो स्वर्ग बंद झाला. मुले मग स्थानकाशेजारच्या जिंगू पुलावर जमू लागली.

या काळात शेजारच्या शिबुयात उन्हाने भाजल्यासारखा रंग चेहऱ्यावर लावणाऱ्या आणि केस सोनेरी करणाऱ्या ‘ग्यारु’ होत्या, हाराजुकुतच प्लॅस्टिकच्या क्लिपांनी केस भरून टाकणाऱ्या ‘देकोरा’ मुली होत्या, आणि प्रत्येक टोळीचा आपापला चौक, आपापले मासिक होते. त्या साऱ्यांबद्दल मला कुतूहल आहे. पण मला जवळून पाहायला मिळाली ती लोलिता, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

या वेशाची मुळे दुकानांत आहेत. हाराजुकुत १९७० मध्ये ‘मिल्क’ हे दुकान निघाले, तिथे झालरी आणि लेस लावलेले, मोठ्या मुलींनी घालायचे बालिश कपडे मिळू लागले. १९८८ मध्ये ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ सुरू झाले, जे आज या वेशातल्या सर्वांत ओळखीच्या नावांपैकी एक आहे. नव्वदीच्या दशकात रंगभूषा आणि भरजरी पोशाख करून गाणाऱ्या रॉक वाद्यवृंदांची लाट आली. त्यांतल्या ‘मालिस मिझेर’ या वृंदाचा गिटारवादक माना हा मंचावर काळे, शोकाचे वाटणारे झगे घालत असे आणि १९९९ मध्ये त्याने स्वतःचे कपडे विकायलाही काढले. त्यातून या वेशाची काळी, गॉथिक शाखा फोफावली. २००१ पासून ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ हे मासिकाच्या धर्तीचे जाड पुस्तक निघू लागले, आणि त्यात नुसती छायाचित्रे नसत. कातरकामाचे आराखडेही असत. माझी मैत्रीण शिवण त्या आराखड्यांवरून शिकली. ती जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकूमधल्या एका लहान गावची, तिथे असे एकही दुकान नव्हते, आणि घरी आजीचे पायमशीन होते.

मला बराच काळ एक कोडे पडले होते. जपानला स्वतःची इतकी समृद्ध वस्त्रपरंपरा असताना या मुलींनी अठराव्या शतकातल्या फ्रान्सची आणि व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडची बालवस्त्रे का उचलली? उत्तर मला किमोनोच्या दुकानात मिळाले. तिथल्या वयस्कर बाईंनी मला लांब, लोंबत्या बाह्यांचा फुरिसोदे दाखवला आणि तो अविवाहित मुलींनी घालायचा असतो, असे सांगितले. लग्न झालेल्या बाईच्या समारंभी किमोनोच्या बाह्या आखूड. म्हणजे त्या रेशमावरही पत्ता लिहिलेला होताच, आपल्या जोडव्यांसारखाच स्वच्छ. ज्यांना काही काळ तरी पत्त्याशिवाय वावरायचे होते त्यांना आपल्या घरातले कापड उपयोगाचे नव्हते, कारण ते सगळ्यांना वाचता येत होते. दूरच्या देशातले, संपून गेलेल्या काळातले, आणि तेही लहान मुलींचे कपडे त्यांनी घेतले. मूळ ठिकाणी त्या कपड्यांनाही घराण्याचा आणि वर्गाचा काच होता, पण टोकियोपर्यंत येईस्तोवर तो गळून पडला होता. हाराजुकुच्या रस्त्यावर त्या झग्याला कोणाची सून, कोणाची आई, कोणत्या कंपनीची कर्मचारी असा काही अर्थच उरला नव्हता.

आणि तरीही तो वेश स्वैर मुळीच नाही. मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते इथे. वेगळे दिसायचे म्हणजे मनाला येईल ते अंगावर चढवायचे, अशी माझी समजूत होती. पुढे एकदा मैत्रिणीच्या घरी मी तिची तयारी सुरुवातीपासून पाहिली. तिला दोन तास लागले. आधी सुती ब्लूमर, त्यावर जाळीच्या थरांचा पॅनिए नावाचा परकर, जो आदल्या रात्री झटकून, उलटा टांगून फुलवलेला असतो. कारण परकर बसला की घेर बसतो आणि घेर बसला की सगळेच बसते. मग ब्लाउज, मग झगा, मग पाठीवरचे बंद, मग मोजे, मग मनगटावरच्या लेसच्या पट्ट्या, सर्वांत शेवटी डोक्यावरचे. झग्यावरच्या चित्रातला एखादा रंग मोज्यांत किंवा फितीत पुन्हा यायला हवा, पण सगळे रंग सगळीकडे यायला नकोत. लेस सुती हवी. चकाकणारी नायलॉनची लेस ही या मुलींच्या लेखी मोठी चूक. गोड, गॉथिक आणि अभिजात असे तीन मोठे प्रकार, आणि त्यांची सरमिसळ करायची तर ती जाणीवपूर्वक. या साऱ्या जुळणीला त्या ‘कोदे’ म्हणतात.

मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसून हे पाहत होते आणि मला मंगळागौरीच्या दिवशी माजघरात काकूंना नऊवारी नेसवणारी आजी दिसत होती. काष्टा कुठून घ्यायचा, ओचा किती ठेवायचा, निऱ्या कोणत्या बाजूला वळवायच्या, ठुशी आधी की नथ आधी, यात चूक झाली तर आजी सगळे सोडून पुन्हा नेसवायला लावी. तीच तन्मयता, तोंडात धरलेल्या टाचण्या, आरशापेक्षा हातांवर असलेला तोच विश्वास. फरक होता तो एवढाच की हे नियम माझ्या मैत्रिणीवर कोणी घातलेले नव्हते. ती स्वतः चालत त्यांच्यापर्यंत गेली होती, ते तिने पैसे साठवून, बोटाला सुया टोचून घेऊन मिळवले होते, आणि म्हणून ते पाळताना तिचा चेहरा आनंदी असे. स्वतःचे असणे हे नियम टाळून मिळते असे मला पूर्वी वाटत असे. त्या खोलीत माझे ते मत बदलले.

आठवड्यातल्या कामाच्या पाच दिवसांचे वजन समजल्याशिवाय हा रविवार समजत नाही. तिच्या शाळेत केसांचा रंग, मोज्यांची लांबी, स्कर्टची उंची, सगळे ठरलेले होते. जपानच्या अनेक शाळांत केस काळेच हवेत असा नियम असे, आणि ज्यांचे केस जन्मतः तपकिरी त्यांनाही ते रंगवावे लागत. ओसाका प्रांतातल्या एका विद्यार्थिनीने २०१७ मध्ये याविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण तीही ती शाळेत येईनाशी झाल्यावर तिचे नाव वर्गाच्या यादीतून काढून टाकल्याबद्दल, कारण काळ्या केसांचा नियम न्यायालयाने चुकीचा मानला नाही. टोकियोच्या महानगरी शाळांतून हा नियम २०२२ च्या एप्रिलपासून गेला. शाळा संपली की नोकरीच्या मुलाखतींचा काळा सूट येतो. त्या हंगामात आगगाडीच्या डब्यात एकाच शिंप्याने एकाच दिवशी शिवल्यासारखी शेकडो तरुण मुले-मुली दिसतात. मग नोकरी, आणि तिथे अनेक ठिकाणी बायकांनी टाचांचे बूट घालायचे. २०१९ मध्ये इशिकावा युमी या अभिनेत्रीने या सक्तीविरुद्ध मोहीम उघडली आणि जपानीतल्या बूट आणि वेदना या दोन्ही अर्थांच्या शब्दांवरून तिला ‘कुतू’ असे नाव मिळाले. माझ्या मैत्रिणीने त्या याचनापत्रावर सही केली होती, हे तिने मला पुढे पत्रातून कळवले. तिचे लोलिताचे बूट सपाट होते, हे तेव्हा मला एकदम आठवले.

तिच्या घराण्यात, म्हणजे तिच्या देशाच्या इतिहासात, या गोष्टीची एक जुनी वाट आहे असे ती मानत असे, आणि मलाही ते पटते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सरकारने व्यापाऱ्यांना आणि सामान्य लोकांना भपकेदार कपडे घालायला बंदी केली, तेव्हा त्यांनी बाहेरून तपकिरी आणि राखाडी रंगांचे साधे अंगरखे शिवले आणि आतल्या अस्तरावर उत्तमोत्तम चित्रे काढून घेतली. या दोन रंगांच्याच इतक्या छटा निघाल्या की अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर राखाडी असा वाक्प्रचार पडला. अस्तर फक्त अंगरखा काढताना दिसायचे, आणि तेही जवळच्यांना. माझी मैत्रीण म्हणायची, “सोमवार ते शुक्रवार मी बाहेरचे कापड असते.” तिच्या कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या डबीखाली, लेसचा एक तुकडा होता.

तिने मला एकदा चहाच्या मेळाव्याला नेले. एका जुन्या हॉटेलच्या दालनात चाळीस-पन्नास जणी होत्या, दोन-तीन पुरुषही होते, तेही तशाच झग्यांत. खुर्च्या एकमेकींपासून लांब ठेवल्या होत्या, कारण प्रत्येकीच्या घेराला जागा लागते. एकोणीस वर्षांच्या मुली होत्या आणि पन्नाशी उलटलेल्या दोन बाई होत्या. एक दात काढणारी डॉक्टर होती, एक पिठाच्या गिरणीत कामाला, एक दोन मुलांची आई, जिचा नवरा बाहेर मुलांना घेऊन थांबला होता. ही माहिती मला मेळावा संपता संपता, फार उशिरा कळली, कारण तिथे कोणी कोणाला तू काय करतेस हे विचारतच नव्हते. बोलणे सगळे कापडाचे. हे चित्र कोणत्या वर्षीचे, हा रंग फारच थोडा निघाला होता ना, ही झालर तू बदललीस का. त्या एकमेकींना धाग्याच्या नेमकेपणाने वाचत होत्या. रस्त्यावर ज्या अवाचनीय होत्या, त्यांनी आपले वाचणारे स्वतः निवडले होते, आणि त्या दालनात मी, सहा वार साडी नेसून गेलेली, पहिल्यांदा निरक्षर होते. पन्नाशीतल्या एका बाईंनी माझ्या पदराचा काठ हातात घेऊन विणकराबद्दल विचारले आणि मग माझा आणि त्यांचा वेळ फार चांगला गेला.

या जगात सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही. एक नवा झगा तेव्हा पंचवीस-तीस हजार येनांच्या घरात जाई आणि त्यावर बाकीचे सगळे वेगळे. दुपारच्या जेवणाला भाताचा गोळा खाऊन पैसे वाचवणाऱ्या मुली मी पाहिल्या. मी कोण आहे हे सांगायला दुकानाचे नाव लागावे, हे मला अजूनही खटकते. नियमांच्या प्रेमाचे कधी कधी पहाऱ्यात रूपांतर होते. एखादी नवखी मुलगी नायलॉनची लेस लावून आली की जुन्या मुलींच्या नजरा कशा होतात, तेही मी पाहिले, आणि त्या नजरांत मला आमच्या वाड्यातल्या बायकांच्या नजरा स्पष्ट ओळखू आल्या. त्या संध्याकाळी मैत्रिणीला मी हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने त्या नवख्या मुलीला आपल्याकडची सुती लेस पाठवून दिली. वापरलेले झगे विकणारी दुकाने मात्र मला मनापासून आवडली. तिथे एकेका झग्याला चिठ्ठी लावलेली असते, आणि त्यावर कुठे डाग आहे, कोणते बटण बदलले आहे, कुठली झालर थोडी उसवली आहे, हे प्रामाणिकपणे लिहिलेले असते.

आणि छायाचित्रे काढणारे. जिंगू पुलावर थांबले की पाच मिनिटांत कोणीतरी न विचारता कॅमेरा रोखी. परदेशी वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून या मुलींची छायाचित्रे ‘विचित्र जपान’ म्हणून छापून येत, आणि मला त्याचा मनस्वी राग येई, कारण चार-चार महिने शिवलेल्या कपड्याकडे पाहून त्यांतल्या कोणालाही शिवणीबद्दल एक प्रश्न सुचत नसे. आओकी शोइचि या छायाचित्रकाराची रीत वेगळी होती. १९९७ पासून तो ‘फ्रुट्स’ हे मासिक काढत असे. मुलींना विचारून, रस्त्यावर समोर उभे करून, डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण छायाचित्र, आणि खाली कोणता कपडा कुठला, कोणता स्वतः शिवला, याची नोंद. त्याने त्यांना वाचण्याजोगे मानले. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००९ मध्ये तीन तरुणींना ‘कावाई’, म्हणजे गोंडसपणाच्या, राजदूत म्हणून नेमले आणि त्यांतली आओकी मिसाको ही लोलिता वेशातली होती. ती प्रशिक्षित परिचारिका आहे, रुग्णालयात पांढरा गणवेश आणि बाहेर हा झगा, ही गोष्ट माझ्या मैत्रिणीला फार मोलाची वाटे. ती कोणालाही या वेशाबद्दल सांगताना सुरुवात तिथूनच करी.

२०१७ हे वर्ष वाईट गेले. ‘फ्रुट्स’ थांबले, छायाचित्रे काढावीत अशी मुले आता दिसत नाहीत, असे कारण आओकी शोइचिने दिले. त्याच वर्षी ‘केरा’ या मासिकाची छापील आवृत्ती संपली आणि ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ही बंद पडले. हाराजुकुत मोठ्या परदेशी साखळी दुकानांनी त्याआधीच, २००८-०९ पासून, जागा घेतल्या होत्या; तिथे आठवड्याला नवे आणि स्वस्त कपडे मिळतात आणि ते घालायला कोणाला आराखडा लागत नाही. तिथला ताकेशिता हा दुकानांचा रस्ता पर्यटकांनी भरून गेला. वेश मात्र संपला नाही. तो फोनच्या पडद्यावर गेला, आणि चीनमध्ये तर इतका पसरला की झग्यांच्या कितीतरी नव्या नाममुद्रा आता तिथून निघतात. पूल रिकामा झाला याचे मला दुःख आहे, कारण गिरकी छायाचित्रात दिसत नाही.

त्याच वर्षी मी पुण्याला परतले. निरोप देताना मैत्रिणीने मला एक खोके दिले. घरी येऊन उघडले तर आत तो कोकमाच्या रंगाचा झगा होता, मऊ कागदात गुंडाळलेला, आणि वर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी: डाव्या काखेखाली एक टाका सैल आहे, तिसरे बटण मूळचे नाही.

मी तो आईच्या पलंगावर पसरला. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी आईला छायाचित्रे दाखवली, पूल, चहाचे दालन, गिरकी, आणि ती काय म्हणेल याची मला थोडी धास्ती होती, कारण मी तेहतीस वर्षांची होते आणि नातेवाइकांचे प्रश्न दाराशी उभे होते. आईने छायाचित्रे पाहिली आणि बाजूला ठेवली. चष्मा लावून तिने झगा उलटा केला आणि पाठीचा भाग खिडकीशी धरला, जिथे आतून बारीक इलॅस्टिकच्या चुण्यांच्या रांगा घातल्या होत्या, म्हणजे अंग थोडे भरले किंवा उतरले तरी झगा बसावा. प्रत्येक रांगेवरून तिने अंगठा फिरवला. मग काठ उलगडून ती दुमड मोजत गेली, वीतभर, आणखी वीतभर, सबंध घेराला वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या टाक्यापर्यंत.

“किती माया सोडली आहे बघ शिवणीत,” ती म्हणाली. “तुला उंचीला दोन बोटे कमी पडेल. उसवून देऊ का?”